हत्ती का होय जी मंग?

२०१७ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे नगरला गेलो होतो. नगर म्हणजे आताचे अहिल्यानगर. तिथे लष्कराचे रणगाड्यांचे संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेले. उन्हात ओळीने रणगाडे मांडून ठेवलेले आहेत. पहिल्या महायुद्धानंतरच्या चिलखती मोटारीपासून १९६५ च्या लढाईत हाती लागलेल्या पॅटनपर्यंत. आमचे गुडघे दुखत होते, पण नातवाचे पाय थकत नव्हते. एका रणगाड्याच्या पट्ट्यावर हात ठेवून त्याने विचारले, "आजोबा, सगळ्यात पहिला रणगाडा कोणी केला?"

छत्तीस वर्षे इतिहास शिकवलेला माणूस मी. उत्तर तोंडातच होते. म्हटले, "इंग्रजांनी. पहिल्या महायुद्धात. १५ सप्टेंबर १९१६, फ्रान्समधली सोमची लढाई." नातवाचे समाधान झाले आणि तो पुढच्या रणगाड्याकडे पळाला. माझे मात्र झाले नाही. कारण हेच उत्तर मी १९७९ साली एका वर्गात दिले होते आणि त्या वेळी मागच्या बाकावरून एक आवाज आला होता.

तेव्हा गडचिरोली जिल्हा झाला नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. मी होतो तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिणेला, आलापल्ली-कमलापूरच्या बाजूला. शाळेला दोन खोल्या आणि एक ओसरी. पावसाळ्यात नाले भरले की चार-चार दिवस बाहेरच्या जगाशी संबंध नाही. आठवीच्या वर्गात मी रणगाड्याचे वर्णन करत होतो. फळ्यावर चित्रही काढले होते. "बाहेरून जाड कवच, आत माणसे, समोर जे येईल ते मोडत पुढे जायचे, शत्रू पाहूनच घाबरायचा. असे यंत्र जगात पहिल्यांदा १९१६ साली आले."

मागच्या बाकावरचा एक गोंड मुलगा उभा राहिला. कधी न बोलणारा. म्हणाला, "गुरुजी, हत्ती का होय जी मंग?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "बस खाली. प्रश्न यंत्राचा चालला आहे, जनावराचा नाही." तो बसला. त्या वर्षभरात त्याने मला पुन्हा काही विचारल्याचे आठवत नाही.

त्याचा बाप वनखात्यात चाराकटर होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: सरकारी हत्तीला दोन माणसे लागतात. माहूत हत्ती चालवतो, चाराकटर त्याचा चारा कापून आणतो, त्याला धुतो, त्याचे सगळे बघतो. आलापल्लीच्या जंगलातले सागाचे ओंडके ओढायला हे हत्ती होते. कमलापूरला आजही त्यांचा कॅम्प आहे. तेव्हा माझ्या वर्गातल्या पस्तीस जणांत हत्ती म्हणजे काय हे त्या एका मुलाला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होते, मास्तरांसकट. त्यालाच मी खाली बसवले.

नगरहून परत आल्यावर मी त्या प्रश्नाचा अभ्यास करायला बसलो. उशीर झाला होता, पण निवृत्त माणसाला दुसरे काम तरी काय?

आधी १९१६ चे बघू. पश्चिम आघाडीवर दोन्हीकडे खंदक, मधे काटेरी तारा आणि मशीनगन. मधली मोकळी जमीन ओलांडायला जो उठेल तो मरेल, अशी स्थिती. एच. जी. वेल्सने १९०३ मध्येच एका गोष्टीत जमिनीवर चालणाऱ्या चिलखती जहाजांची कल्पना केली होती. १९१५ च्या फेब्रुवारीत चर्चिलच्या पुढाकाराने इंग्रज आरमाराने त्यासाठी एक समिती नेमली. म्हणून तिचे नावही जमिनीवरच्या जहाजांची समिती! गुप्तता राखायची म्हणून कारखान्यात सांगितले की या पाण्याच्या टाक्या आहेत. टाकी म्हणजे टँक, तेच नाव चिकटले. आपल्याकडे मात्र कोणी तरी छान शब्द केला: रणगाडा. रणातला गाडा. त्या शब्दात टाकी नाही, गाडा आहे, आणि गाडा ही फार जुनी वस्तू आहे.

तो पहिला रणगाडा २८ टनांचा होता. वेग सपाटीवर ताशी सहा किलोमीटर, म्हणजे आपल्या भराभर चालण्याइतका. आत आठ माणसे. इंजिन त्यांच्या मधोमध, उघडेच. धूर, उष्णता आणि आवाज इतका की एकमेकांशी बोलणे अशक्य. नुसते वळवायलाही चार माणसे लागत. निरोप पाठवायला बरोबर कबुतरे घेत. फ्रान्समध्ये पोचलेल्या ४९ पैकी ३२ रणगाडे त्या सकाळी सुरुवातीच्या रेषेपर्यंत आले आणि त्यातलेही बरेच पुढे बिघडले किंवा खड्ड्यात रुतले. पण ज्यांच्यासमोर ते गेले त्यांची पाचावर धारण बसली.

आता मास्तरी पद्धतीने व्याख्या करू. रणगाडा म्हणजे तीन गोष्टी एकत्र: चाल, कवच आणि मारा. तटाला कवच आहे पण चाल नाही. घोडेस्वाराला चाल आहे पण कवच थोडे. तिन्ही एकत्र आणायची धडपड १९१६ च्या कितीतरी आधीची आहे.

निमरूदच्या राजवाड्यातली इसवी सनपूर्व नवव्या शतकातली कोरीव शिल्पे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यात असीरियन फौजेचा चाकांवरचा झाकलेला गाडा दिसतो. समोर तट फोडायचा ओंडका, वर बुरुज, बुरुजात धनुर्धारी. चाल, कवच, मारा, सगळे आहे. पंधराव्या शतकात बोहेमियात यान झिझकाने शेतकऱ्यांच्या गाड्यांना फळ्यांचे कवच लावले, आत बंदुका बसवल्या आणि चिलखती सरदारांच्या फौजा परतवल्या. १५२६ मध्ये पानिपतावर बाबराने ७०० गाड्या कच्च्या चामड्याच्या दोरांनी एकमेकींना बांधून त्यांच्या आडून बंदुका चालवल्या. त्याच्या गाड्या जागेवर उभ्या होत्या, म्हणून त्यांना अर्धाच रणगाडा म्हणू. लिओनार्दो दा व्हिंचीने १४८७ च्या सुमारास कासवासारखा झाकलेला, चहूबाजूंनी तोफा असलेला गाडा कागदावर काढला. आतल्या माणसांनी दांडे फिरवून तो चालवायचा. पण चित्रातले दाते असे आहेत की पुढची चाके एका दिशेला आणि मागची दुसऱ्या दिशेला फिरतील! चूक होती की मुद्दाम केली होती, यावर अजून वाद आहेत.

आणि आपल्याकडचे उदाहरण तर सगळ्यांत विलक्षण. जैनांच्या भगवतीसूत्रात मगधाचा राजा कूणिक, म्हणजे अजातशत्रू, आणि वैशालीचा चेटक यांच्या लढायांचे वर्णन आहे. त्यातल्या एका लढाईचे नाव रथमुसल संग्राम. कारण त्यात एक रथ होता. त्याला घोडे नाहीत, सारथी नाही, आत योद्धा नाही. फक्त एक मुसळ, आणि ते फिरवत तो रथ सैन्यात धावत सुटला. ग्रंथात मृतांचे आकडे लाखांत आहेत, ते पुराणातले आकडे वाचावे तसेच वाचायचे. असा रथ खरोखर झाला असे मी म्हणत नाही. पण कोणाच्या तरी मनात तो धावला होता. घोडा नको, सारथी नको, योद्धाही नको. ही इच्छा मला महत्त्वाची वाटली, ती का ते पुढे सांगतो.

आता हत्ती.

कौटिल्याने अर्थशास्त्रात हत्तीची कामे दिली आहेत. ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थक्क झालो. फौजेच्या पुढे चालणे, वाट नाही तिथे वाट करणे, पाण्यात उतरून उतार शोधणे, अडचणीच्या जागी घुसणे, शत्रूची अभंग फळी फोडणे, आपली फुटलेली फळी सांधणे, घाबरवणे, तट-दरवाजे-बुरुज मोडणे. आजच्या रणगाडा दलाच्या अधिकाऱ्याला ही यादी हत्तीचे नाव न सांगता दाखवली तर तो आपलीच कामे समजून मान डोलवेल. म्हणून तर कौटिल्य हत्तींची वने राखायला सांगतो आणि हत्ती मारणाऱ्याला देहदंड सांगतो. अस्वलासाठी किंवा हरणासाठी नाही, हत्तीसाठी. ते राजाचे शस्त्रागार होते.

कवचही होते. मोगल काळात लढाईच्या हत्तीला पाखर घालत, म्हणजे लोखंडी पत्र्यांचे चिलखत. पाठीवर अंबारी, तिच्यात धनुर्धारी, पुढे बंदूकधारी. हलता बुरुजच.

आपल्या गोंड राज्यांचा हत्तीशी संबंध जुना. गढा, देवगड, खेरला आणि चांदा ही चार गोंड राज्ये. गढ्याची राणी दुर्गावती २४ जून १५६४ रोजी नर्‍हई इथे अकबराचा सरदार आसफखान याच्याशी हत्तीवर बसून लढली. दोन बाण लागल्यावर तिने आपल्या माहुताला सांगितले, मला मार, शत्रूच्या हाती पडायचे नाही. त्याचे हात उठले नाहीत, तेव्हा तिने स्वतःच खंजीर घेतला. आसफखानाला तिथे एक हजार हत्ती मिळाले आणि त्यातले दोनशेच त्याने अकबराकडे पाठवले, बाकी दाबून ठेवले, असे अबुल फजलने लिहिले आहे. आजच्या भाषेत हजार रणगाड्यांची लूट.

आणि आपले चांदा? चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर गोंड राजांचे चिन्ह आहे. जटपुऱ्यातून रोज जाणाऱ्या कितीजणांनी मान वर करून पाहिले असेल कोण जाणे. एक सिंह, आणि त्याच्या पंजाखाली हत्ती. मी स्वतः ऐंशीच्या दशकापर्यंत ते शोभेचे शिल्प समजत होतो. आता वाटते, ती शोभा नाही, ती धमकी आहे. दरवाजाशी येणाऱ्याला सांगितले आहे की तू हत्ती आणशील, तर इथे हत्तीलाही खाणारा बसला आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर माथ्याएवढ्या उंचीवर ७२ खिळे आहेत, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. पुण्याने लोखंडात सांगितले ते चांद्याने दगडात सांगितले. ज्याच्याविरुद्ध लोक इतका खर्च करतात, ते शस्त्र खरेच असले पाहिजे.

म्हणजे त्या मुलाचे बरोबर होते. चाल, कवच, मारा, तिन्ही होते. इथेच हा लेख संपवून मी त्याची माफी मागितली असती तरी चालले असते. पण तो स्वतः मला भेटला आणि माझे उत्तर पुन्हा अपुरे ठरले.

२०२३ च्या हिवाळ्यात चंद्रपूरला एका लग्नात एक उंच, केस पिकलेला गृहस्थ पाया पडला. नाव सांगितल्यावर ओळख पटली. पोलिसात चालक म्हणून लागला होता, सगळी नोकरी गडचिरोली जिल्ह्यात झाली, त्याच वर्षी निवृत्त झाला होता. मी त्याला म्हटले, "अरे, मी तुझे एक उत्तर देणे लागतो." त्याला प्रश्न आठवतही नव्हता! मग आम्ही मांडवाबाहेर दोन खुर्च्या टाकून बसलो आणि मी त्याला कौटिल्य, दुर्गावती, सिंह-हत्ती सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "गुरुजी, मी रणगाडाच चालवला ना जी. तीन वर्षं."

तो सुरुंगरोधक गाडीबद्दल बोलत होता. गडचिरोलीत ज्यांनी नोकऱ्या केल्या त्यांना सांगायला नको. नक्षलवादी रस्त्याखाली स्फोटके पुरून गाड्या उडवत, म्हणून पोलिसांना या गाड्या आल्या. मूळ कल्पना दक्षिण आफ्रिकेची. गाडीचा तळ सपाट नसतो, नावेसारखा दोन बाजूंनी उतरता असतो. खाली स्फोट झाला तर त्याचा जोर दोन्हीकडे फाकून जावा आणि आतली माणसे वाचावीत. जाड पत्रा, जाड काच, छोट्या खिडक्या. हुशारीची रचना आहे आणि तिने जीव वाचवलेही आहेत. पण सुरुंग लावणाऱ्याला एवढेच करायचे असते की दारू वाढवायची. ३ सप्टेंबर २००५ रोजी शेजारच्या छत्तीसगडमध्ये विजापूरजवळ अशीच एक गाडी उडवली गेली आणि आतले वीसहून अधिक जवान गेले.

मी विचारले, "भीती वाटायची का?"

तो म्हणाला, "वाटे ना जी. पण भीतीचं नाही सांगत. बाप सांगे, हत्ती पाय टाकाच्या आधी जमीन चाचपून पाहते. सोंडेनं पाहते, पायानं दाबून पाहते. त्याले पटली नाही त पाय टाकत नाही. शिव्या द्या, अंकुश टोचा, नाही म्हणजे नाही. बाप म्हणे, तो थांबला का आपण बी थांबाचं, त्याले काहीतरी समजलं असते. गाडीले तसं नाही. मी पाय दाबला का ते चालली. ते नाही म्हणत नाही."

मी गप्प बसलो. पन्नास पुस्तके वाचून जे मला सापडले नव्हते ते हे होते.

हत्ती नाही म्हणतो. युद्धातला त्याचा मोठा दोष हाच मानला गेला. इसवी सनपूर्व ३२६ मध्ये पोरसाचे हत्ती जखमी झाले, त्यांचे माहूत पडले, आणि ते आपल्याच माणसांना तुडवत मागे फिरले. पुढे कार्थेजच्या सेनापतीने माहुतांना छिन्नी आणि हातोडी देऊन ठेवली होती, हत्ती उलटला तर मानेच्या सांध्यात ठोकून त्याला तिथेच मारायला. आपल्याकडे वेगळा उपाय होता. सातव्या शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला तेव्हा इथे दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. त्याने लिहून ठेवले आहे की इथले लोक लढाईआधी शेकडो हत्तींना दारू पाजून मत्त करतात आणि मग पुढे सोडतात. दारू कशासाठी? शहाणा हत्ती बाणांच्या पावसात जायला तयार होत नाही म्हणून. त्याचे नाही म्हणणे आधी बुडवावे लागते.

तोफा आल्यावर हत्ती आणखीच नाही म्हणू लागला. मे १८१८ मध्ये कर्नल अ‍ॅडम्सची इंग्रज फौज चांद्याच्या परकोटासमोर आली. तेव्हा चांदा नागपूरकर भोसल्यांचे. किल्लेदार गंगासिंहाने शरण जायला नकार दिला. इंग्रजांना तटाला धडक द्यायला हत्ती लागला नाही. तोफांनी खिंडार पाडले, २० मे रोजी फौज आत शिरली आणि गंगासिंह लढता लढता पडला. दरवाजावरचा सिंह आपल्या हत्तीवर पाय ठेवून होता तसाच राहिला, त्याच्या बाजूने कोणी आलेच नाही. पुढे इंग्रजी फौजेत हत्ती उरला तो जड तोफा ओढायला. त्यातही गंमत अशी की गोळीच्या टप्प्यात आले की हत्ती सोडून बैल जुंपत, कारण हत्ती पुढे जायला तयार नसे. बैल बिचारे जात.

शेवटी हत्ती जंगलात आला, ओंडके ओढायला. माझ्या विद्यार्थ्याच्या बापाच्या हाताखाली.

मग १९१६ मध्ये इंग्रजांनी काय शोधले? कवच जुने होते, मारा जुना होता. चालही जुनी होती, फक्त ती पट्ट्यावर आली. मला आता वाटते की त्यांनी नाही न म्हणणारा हत्ती शोधला. रथमुसलाच्या कथेत जी इच्छा होती, घोडा नको, सारथी नको, ती हीच. आजच्या युद्धांत तर चालक नसलेल्या गाड्या आणि विमाने आली आहेत. भगवतीसूत्रातला रथ अडीच हजार वर्षांनी रस्त्याला लागला म्हणायचा.

आणि नाही न म्हणणाऱ्या यंत्रावर तोड निघतेच. पहिल्या महायुद्धातच जर्मनांनी तोफेचे गोळे जमिनीत पुरून ठेवायला सुरुवात केली, रणगाड्याचे वजन पडले की फुटावेत म्हणून. तोच सुरुंग फिरत फिरत आमच्या कुरखेडा, धानोरा, भामरागडच्या रस्त्यांत आला. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ खाजगी गाडीतून जाणारे पंधरा पोलीस जवान आणि त्यांचा चालक सुरुंगात गेले. माझा विद्यार्थी त्या दिवशी दुसऱ्या ठाण्यात होता. त्या दिवसाबद्दल त्याने एकच वाक्य सांगितले, "गाडीपेक्षा पायी बरं, गुरुजी. पाय पाहून टाकता येते."

गडचिरोली पोलिसांचा अनुभवही तोच होता. सी-६० ची पथके जंगलात मैलोन् मैल पायीच जातात. आईन-ए-अकबरीत चांद्याचा गोंड राजा बाबजी याच्याकडे १,००० घोडदळ आणि ४०,००० पायदळ असल्याचे लिहिले आहे. तो आकडा मी कितीदा वर्गात वाचून दाखवला होता. घोडदळ एवढे थोडे का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. या रानात पायच चालतात, हे बाबजीला माहीत असणार.

लग्नाची पंगत बसली म्हणून आम्ही उठलो. हात धुताना त्याने आणखी एक सांगितले. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याची सासुरवाडी कुरखेड्याकडची, तिथले धान एका रात्रीत तुडवले गेले. कापणीला आठ दिवस राहिले होते. गावचे लोक टेंभे आणि डबे घेऊन रात्रभर जागत होते. जिल्ह्यात काही माणसेही हत्तींनी मारली आहेत. हे मी शहरात बसून हत्तीचे कौतुक लिहिताना विसरू नये, म्हणून इथे लिहितो. सासऱ्याला भरपाई मिळाली, पण ती धानाएवढी नव्हती.

"तू गेला होतास का बघायला?" मी विचारले.

"गेलो ना जी. वनखात्यानं रोपवाटिकेजवळ खंदक खोदला होता, हत्ती येऊ नये म्हणून. कळप आला, काठावर थांबला. मोठ्या हत्तिणीनं पायानं काठ दाबून पाहिला, माती सरकली. ते मागं फिरली, कळप बी फिरला." तो हसला. "आमच्या गाडीले हे शिकवता आलं असतं त..."

वाक्य त्याने पुरे केले नाही. त्याच्याबरोबर नोकरीला लागलेल्या काही जणांची नावे गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयातल्या शहीद स्मारकावर आहेत, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळले.

१९७९ च्या त्या दिवशी मी त्याला खाली बसवले नसते आणि नुसते "का रे, तुला असे का वाटते?" एवढे विचारले असते, तर कदाचित त्याने तेव्हाच बापाचे बोलणे सांगितले असते. आठवीच्या पोरांना रणगाड्याचा इतिहास माझ्यापेक्षा चांगला कळला असता. छत्तीस वर्षांत असे किती प्रश्न मी खाली बसवले असतील, त्याची मोजदाद आता होणार नाही. शिक्षकी पेशातल्या माझ्या भाचे-सुनांना एवढेच सांगेन की मागच्या बाकावरून येणाऱ्या प्रश्नाला हसू नका, तो बहुधा घरून आलेला असतो.

असो. चंद्रपूरला २०१७ पासून इको-प्रोच्या तरुणांनी परकोटाची सफाई केली आहे. झाडोरा निघाला, तट मोकळा झाला आणि वर चढून चालताही येते. नातू आता इंजिनिअरिंगला आहे. यंदाच्या थंडीत त्याला आधी जटपुरा दरवाजावरचा सिंह दाखवणार आहे आणि मग कमलापूरला नेणार आहे. नगरला दिलेले उत्तर दुरुस्त करायचे आहे, पण ते मी एकट्याने करणार नाही. आलापल्लीला आमचा चालक गाडी घेऊन उभा राहणार आहे. कालच फोन झाला. म्हणाला, "या गुरुजी. शेवटची वाट पायीच जाऊ."